दोन समुद्रांमधला डोंगर

छत्रपती संभाजीनगरातून समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. अरबी समुद्र गाठायचा तर सह्याद्री उतरून जावं लागतं आणि बंगालचा उपसागर त्याच्या दुपटीहून लांब. तरीही या दोन समुद्रांच्या पाण्याची हद्द आमच्या जिल्ह्यातून जाते. शहराच्या उत्तरेला कन्नड, सिल्लोड, सोयगाव या तालुक्यांतून पश्चिम-पूर्व पसरलेला सातमाळा-अजिंठ्याचा डोंगर हीच ती हद्द. त्याच्या दक्षिण अंगावर पडलेला पाऊस शिवना, गिरिजा, पूर्णा अशा नद्यांतून गोदावरीला मिळतो आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. उत्तर अंगावर पडलेला पाऊस खानदेशातून तापीला मिळतो आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात पोचतो. शाळेच्या भूगोलात हे आपण सगळेच शिकलेलो असतो. नकाशावरची ती तपकिरी रेघ पायाखाली कशी लागते हे पाहावं, म्हणून भाद्रपद सरता सरता मी निघाले. सोबत कॉलेजात भूगोल शिकवणारी एक मैत्रीण होती आणि गाडी चालवायला कन्नडचेच एक दादा, ज्यांना या डोंगरातली प्रत्येक वाट ठाऊक.

या मुलखाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात शहरातूनच करावी. विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर चढलं की उत्तरेचे सगळे डोंगर एकाच उंचीवर कापल्यासारखे दिसतात. माथे सपाट, कडे उभे, आणि कड्यांच्या अंगावर आडव्या रेघा. हिमालयासारखी टोकदार शिखरं इथे जवळजवळ नाहीत, कारण हे डोंगर जमिनीला वळ्या पडून वर उचललेले नाहीत. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. त्या काळात जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग काही काळ शांततेचा, आणि पुन्हा नवा थर. असे थरावर थर बसत गेले. आज जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट, आपला काळा पाषाण, पसरलेला आहे. भाकरीची चवड रचावी तसा हा सगळा मुलूख रचला गेला आहे, आणि आज दिसणारे डोंगर म्हणजे त्या चवडीचे पाण्याने न कुरतडलेले भाग.

हे थर सारखे नाहीत, आणि इथली सगळी गोष्ट त्या फरकात आहे. काही थर घट्ट, एकसंध, हातोडा मारला तर खणकन वाजणारे. काही थर सच्छिद्र. थिजताना लाव्ह्यातली वाफ आणि वायू अडकून राहिले, त्यांची भोकं उरली आणि पुढे त्या भोकांत पांढरी, हिरवट, गुलाबीसर खनिजं भरली. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो. खालचा लाव्हा थिजल्यावर तो ऊन-पावसात झिजून त्याची जी माती झाली, तीच वरच्या लाव्ह्याखाली गाडली गेली. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. देवगिरीपासून अजिंठ्यापर्यंत डोंगराचं अंग असंच आहे.

मैत्रीण म्हणाली, भारतीय द्वीपकल्पाचा नकाशा डोळ्यांसमोर आण. मी आणला. पश्चिमेची कड उचललेली आणि सगळं पठार पूर्वेकडे कललेलं. म्हणून त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर उगम पावलेली गोदावरी जवळच्या समुद्राकडे पाठ करते आणि 1,465 किलोमीटर चालून पूर्वेला जाते. कोरियाच्या डोंगराळ द्वीपकल्पात याच्या बरोबर उलटं आहे. तिथे डोंगराचा मुख्य कणा पूर्व किनाऱ्याला लागून आहे आणि हान नदी पश्चिमेकडे वाहते. कणा ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूला मोठ्या नद्या आणि मोठी शेती, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच. आपल्याकडे या नियमाला तापी आणि नर्मदा अपवाद आहेत. दोघी पश्चिमेला जातात, कारण त्या पठाराच्या उतारावरून वाहतच नाहीत. जमीन खचून झालेल्या लांबट दऱ्यांतून त्या वाहतात. तापीच्या त्या खोलगट पट्ट्याची दक्षिणेची भिंत म्हणजे आमचा अजिंठ्याचा डोंगर.

शहरातून वेरूळच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात देवगिरी समोर येतो. यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी केली, 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथवर आला आणि 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली. हा इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो. तो घडला कुठे, हे पाहायला मात्र किल्ल्याच्या आत, खंदकाच्या पुलावर थांबावं लागतं. भोवतालच्या डोंगरापासून सुटून उरलेला हा एकटा सुळका, सुमारे 200 मीटर उंच. माथ्यावरच्या कठीण थराने खालचं सगळं झाकून धरलं म्हणून तो टिकला, बाकीचं झिजून गेलं. मग माणसांनी त्याच्या खालच्या अंगाचा उतार चारही बाजूंनी छिन्नीने तासून काढला. खडकाची भिंत कुठे कुठे 50 मीटरपर्यंत सरळ उभी आहे आणि तिच्या पायथ्याशी खडकातच कोरलेला खंदक आहे. पुलावर उभं राहून त्या भिंतीकडे पाहिलं की छिन्नीच्या तिरप्या खुणा अजून ओळखू येतात. इतक्या उंच भिंतीत कुठे सांधा नाही, दगड रचलेला नाही. निसर्गाने अर्धा किल्ला बांधून ठेवला होता, यादवांनी तो ओळखला आणि पुरा केला.

देवगिरीहून घाट चढून खुलताबाद आणि पलीकडे उतरून वेरूळ. वेरूळला पर्यटक थेट कैलास लेण्यात शिरतात. आम्ही आधी डोंगराच्या पायथ्याने उत्तर-दक्षिण चालत गेलो. सुमारे दोन किलोमीटरच्या अंतरात पश्चिमेकडे तोंड केलेल्या कड्यात एका रांगेने लेणी आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. धर्म बदलले, राजे बदलले, शतकं गेली, पण खडक तोच राहिला. इथला उतार अजिंठ्याइतका उभा नाही. म्हणून वेरूळच्या लेण्यांपुढे मोकळी अंगणं कोरता आली, पुढे पडवी, मागे दालन. कैलासासाठी तर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कारागिरांनी डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत जायचं ठरवलं. तीन बाजूंनी चर खोदले, मधला खडक सोडला आणि शिखरापासून सुरुवात करून पायापर्यंत आले. सुमारे 30 मीटर उंचीचं देऊळ एकाच खडकात. एकदा कापलेला दगड परत जोडता येत नाही, त्यामुळे आतला थर कसा आहे, भेग कुठून जाते, मऊ पट्टा कुठे लागेल, याचा अंदाज आधीच हवा. तो अंदाज पुस्तकातून आलेला नव्हता. पाथरवटांच्या पिढ्यान्‌पिढ्या या एकाच प्रकारच्या दगडात काम करत आल्या होत्या, त्यांच्या हातांत तो होता.

कैलासाच्या वरच्या कडेने चालत गेलं तर खडकातल्या उभ्या-आडव्या भेगा अजून दिसतात. पावसाचं पाणी त्यांतूनच झिरपतं. 29व्या लेण्याजवळ येळगंगा वरच्या पठारावरून कड्याखाली उडी घेते. लोक त्या जागेला सीतेची नहाणी म्हणतात. भाद्रपदात धार चांगली होती. मार्चनंतर तिथे कोरडा काळा कडा असतो. येळगंगेचं पाणी शिवनेकडे, म्हणजे गोदावरीकडे. वेरूळला अजून आपण पूर्वेच्या समुद्राच्या हद्दीत असतो.

वेरूळ सोडून कन्नडकडे निघालो की रस्ता हळूहळू चढत जातो. इतका हळू की चढ जाणवतच नाही. दोन्ही बाजूंना मका, कपाशी, आलं. आल्याचे वाफे या भागात आता ठायी ठायी दिसतात. कन्नडच्या अलीकडे एका शेतात विहिरीचं काम चाललं होतं. यारी लावली होती, बादलीतून दगड वर येत होता. आमच्या दादांनी गाडी थांबवली आणि आम्ही काठावर गेलो. डोंगराचा आतला भाग इतक्या जवळून मी आधी पाहिला नव्हता. वरती हात-दोन हात काळी माती. तिच्याखाली पिवळट तपकिरी मुरूम. मुरमाखाली सुटा, करड्या रंगाचा, भोकाभोकांचा खडक, ज्याच्या भोकांतली पांढरी खनिजं उन्हात चमकत होती. सर्वांत खाली काळाशार, ओलसर, सुरुंग लावूनच फुटणारा दगड. करड्या आणि काळ्या थराच्या सांध्यावर, विहिरीच्या दक्षिण बाजूला, एका रेषेत पाणी पाझरत होतं. मोठी धार कुठेच नव्हती. पाच-सात ठिकाणी थेंबाला थेंब लागून ओघळ झाले होते आणि तळाशी गुडघाभर पाणी साचलं होतं.

शेतकरी काका काठावर उभे होते. मी विचारलं, अजून किती खोल जाणार?

“आता नाही जायचं, ताई. मांजऱ्या लागला, त्यात पाणी भेटलं. खाली काळा आहे. काळ्यात गेलं की खर्च वाढतो, पाणी नाही वाढत.”

“आणि बोअर?”

“शेजारच्यानं घेतले ना. एक, दोन, तीन. सहाशे फूट गेला. धूर निघाला नुसता.”

मराठवाड्याच्या भूजलाबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही. या काळ्या दगडात पाणी साठवायला जागाच नसते. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्यात, म्हणजे त्या भोकाभोकांच्या खडकात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर खोल गाळ आहे, पाणी धरून ठेवणारा. आपल्याकडे पाणी धरणारा हा पट्टा बहुतेक ठिकाणी काही मीटरांचाच. पावसाळ्यात तो लवकर भरतो आणि उन्हाळ्यात तितक्याच लवकर रिकामा होतो. काकांनी ते विज्ञानाच्या भाषेत सांगितलं नाही, पण आपली विहीर कुठे थांबवायची हे त्यांना पक्कं माहीत होतं.

कन्नडहून पितळखोऱ्याला गेलो. गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातली ही जागा, डोंगराच्या कडेला. गाडी पठारावर थांबते आणि लेणी खाली दरीत, म्हणून पायऱ्या उतरून जावं लागतं. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची आहेत. इथल्या खांबांवरच्या लेखांत दान देणाऱ्यांमध्ये पैठणचा गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आहे. पैठण इथून दक्षिणेला, गोदेच्या काठी. तिथला व्यापारी इतक्या दूर दरीत लेण्याला पैसे का देतो? कारण उत्तरेकडे जाणारा त्याचा रस्ता इथूनच डोंगर उतरत होता. पठाराची कड ओलांडायला मोजक्याच खिंडी होत्या आणि त्या खिंडींच्या आसपास लेणी उभी राहिली. भूगोलाने रस्ता ठरवला, रस्त्याने लेणं ठरवलं.

पितळखोऱ्याचा दगड मात्र वेरूळइतका भला नाही. लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले आहेत, खांब कोसळले आहेत. पाण्याचा त्रास कोरणाऱ्यांनाही झाला असणार, कारण त्यांनी त्याची सोय केलेली दिसते. दाराशी पाच फण्यांचा नाग कोरला आहे आणि खडकातून आणलेलं पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावं अशी योजना आहे. मला तो नाग फार आवडला. डोंगरातून पाणी येणारच, ते अडवता येणार नाही, तर त्याला देखणी वाट करून द्यावी, असा विचार दोन हजार वर्षांपूर्वी इथे कुणीतरी केला होता.

आणि मग घाट. कन्नडहून चाळीसगावकडे जाताना, पठार संपत आलं आहे याची कसलीही सूचना मिळत नाही. शेतं चालू असतात, झाडं चालू असतात, एक वळण येतं आणि समोरची जमीनच नाहीशी होते. खाली खानदेश. हाच औट्रम घाट. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम, त्याचं हे नाव. घाटमाथ्यावर थांबून मी आधी मागे पाहिलं, मग पुढे. मागे शेकडो किलोमीटर हळुवार दक्षिण-पूर्वेला उतरत गेलेलं पठार. पुढे एकदम कोसळलेला कडा. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर, कन्नड त्याहून वर, आणि चाळीसगाव साधारण 340 मीटरवर. दक्षिणेकडून चढताना हा डोंगर आहे असं वाटतच नाही, उत्तरेकडून पाहिलं तरच तो डोंगर दिसतो. खानदेशातले लोक त्याला डोंगर म्हणतात आणि वरचे लोक पठाराची कड म्हणतात. दोघांचंही खरं आहे.

घाट कापताना डोंगराचं अंग उघडं पडलं आहे. एका वळणावर काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाचा पट्टा आहे. मी हात लावला. बोटांना लाल पूड लागली. वरचा-खालचा दगड पोलादासारखा आणि मधला थर चिमटीत चुरा होणारा. पाणी वरच्या भेगांतून उतरतं, या मऊ थरापाशी अडतं, त्याला भिजवून घसरडं करतं, आणि मग वरचा जड कडा खाली येतो. 2021 च्या ऑगस्टअखेरीस असंच झालं. एका रात्रीच्या अतिवृष्टीत घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, रस्ता बंद पडला आणि खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला. आजही घाटातून जाताना दादा गप्प असतात. पावसात त्यांचं लक्ष रस्त्याइतकंच वरच्या दरडीकडे असतं.

या कड्यामुळेच रेल्वेही वळसा घालून गेली. निजामाच्या काळात 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मार्ग सुरू झाला तो शहरातून पश्चिमेला जाऊन मनमाडला मिळाला. चाळीसगाव रस्त्याने इतकं जवळ, पण रेल्वेने जायचं तर आधी मनमाड. कुठल्याही वेळापत्रकात हा डोंगर लिहिलेला नाही, तरी प्रत्येक तिकिटात तो मोजलेला आहे.

खाली उतरलो आणि हवा बदलली. दमट, उकाड्याची. मातीही बदलली. तापीच्या खोऱ्यात नदीने आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत, म्हणून पुढे रावेर-यावलकडे केळीचे मळे उभे आहेत. पायथ्याशी पाटणादेवीचं जंगल. इथल्या पाटणच्या 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. डोंगराच्या कुशीत, खालून येणाऱ्या आणि वरून उतरणाऱ्या वाटांच्या मधोमध, आकाश मोजणाऱ्यांची शाळा होती.

पायथ्यापायथ्याने नागद, बनोटी करत सोयगावकडे गेलो. उजव्या हाताला सलग कडा आणि त्यावरून उतरणारे पावसाळी ओहोळ. इथली भाषा खानदेशी वळणाची, बाजार पाचोरा-जळगावचा, नाले तापीचे. जिल्हा मात्र छत्रपती संभाजीनगर. प्रशासनाने सोयगाव मराठवाड्यात ठेवला, डोंगराने तो खानदेशात ठेवला. जिल्ह्याच्या गावाला जायचं तर इथल्या माणसाला घाट चढावाच लागतो. या घाटांवर नजर ठेवायला वेताळवाडीसारखे किल्ले याच कडेवर बांधले गेले.

फर्दापूरला पोचलो आणि तिथून अजिंठ्याच्या दरीत. अजिंठ्याची चित्रं पाहायला जग येतं. मी या खेपेला आधी वाघूर नदी पाहिली. ही नदी डोंगराच्या कड्यातून टप्प्याटप्प्याने खाली येते, म्हणून त्या धबधब्याला सातकुंड म्हणतात. प्रत्येक टप्पा म्हणजे लाव्ह्याच्या एका कठीण थराची कड, प्रत्येक कुंड म्हणजे खाली पाण्याने पोखरलेला खळगा. पुढे नदी घोड्याच्या नालेच्या आकाराचं वळण घेते, आणि त्या वळणाने कापलेल्या उभ्या कड्यात, जवळपास एकाच पातळीवर, 30 लेणी ओळीने आहेत. पहिली इसवी सनापूर्वीची, नंतरची पाचव्या शतकातली, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातली. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि समोरच्या कड्यावरून त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. तोवर दरी झाडीने झाकलेली होती. नदीने आधी डोंगर कापून भिंत उघडी केली, मग त्या भिंतीत माणसाने दालनं काढली. नदीचं काम लाखो वर्षांचं आणि माणसाचं काही शतकांचं, पण दोन्हींना दगड एकच.

सतराव्या लेण्यात उभी असताना मी चित्रांतल्या हिरव्या रंगाकडे पाहत होते. बेसॉल्टच्या भोकांत जी हिरवी खनिजमाती सापडते, तिचा हा रंग. निळा रंग मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा, हजारो किलोमीटर प्रवास करून आलेला. भिंतीवर एका हाताच्या अंतरात हा डोंगर आणि हिंदुकुश शेजारी शेजारी बसले आहेत. बाहेर पायथ्याच्या बाजारात विक्रेते याच डोंगरातल्या पांढऱ्या, गुलाबी खनिजांचे स्फटिक मांडून बसतात. त्यांच्याकडचा एक अपोफिलाइटचा तुकडा मी उन्हात धरून पाहिला. काचेसारखा स्वच्छ, कडा सुरीने कापल्यासारख्या. लाव्हा थिजून गेल्यावर, त्याच्या पोटातल्या एका पोकळीत, झिरपणाऱ्या पाण्याने कण कण करून तो घडवला होता. दगड घडवणारं आणि दगड मोडणारं, दोन्ही पाणीच.

सातकुंडातून आलेलं वाघूरचं पाणी पुढे जळगावजवळ धरणात साठतं आणि जळगाव शहर ते पितं. लेणापूरच्या बाजूने वरच्या पठारावर गेलं, जिथून जॉन स्मिथने दरी पाहिली असं सांगतात, तर काही अंतरावर उतार दक्षिणेला फिरतो आणि तिथल्या शेतातलं पाणी पूर्णेला जातं, पूर्णेतून येलदरीच्या धरणात आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीत. माथ्यावरच्या शेतात पाऊस पडतो तेव्हा ते पाणी जळगावला जाणार की परभणीला, हे एखाद्या बांधावर ठरतं.

अजिंठा घाट चढून सिल्लोड, फुलंब्री करत शहरात परतलो आणि दुसऱ्या टोकाला, पैठणला गेलो. डोंगराचं पाणी कुठे जातं हे पाहिल्याशिवाय प्रवास पुरा झाला नसता. पैठणला भूमी इतकी सपाट आहे की जायकवाडी धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब घालावी लागली. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. धरणामागचा नाथसागर पसरला तो 55 किलोमीटर लांब, 27 किलोमीटर रुंद, पण उथळ. डोंगराळ खोऱ्यातली धरणं अरुंद आणि खोल असतात. पठारावरचं हे पाणी पसरट, म्हणून उन्हाने त्यातलं बरंच उडून जातं. तो भरतो तोही मुख्यतः इथल्या पावसाने नव्हे. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगांतलं पाणी सरलेलं असतं, आमच्या वाट्याला वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर येतं. नाशिक आणि अहिल्यानगरच्या डोंगरांत पाऊस झाला तर नाथसागर भरतो.

तेच पाणी छत्रपती संभाजीनगर पितं. पैठण शहरापासून पन्नास किलोमीटर दक्षिणेला आणि शंभर मीटरहून अधिक खाली. म्हणजे आमच्या घरातला प्रत्येक हंडा विजेच्या पंपाने शंभर मीटर चढवलेला असतो. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली तेव्हा त्याने उलटा विचार केला. त्याने दक्षिणेच्या नदीकडे न पाहता उत्तरेच्या डोंगराकडे पाहिलं. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरींनी गोळा केलं, उताराचा हिशेब ठेवला, दाब मोडायला ठिकठिकाणी मनोरे बांधले आणि पंपाशिवाय शहर पाण्याने भरलं. पाणचक्कीवर आजही त्या पद्धतीने आणलेलं पाणी पडताना दिसतं. आजच्या शहराची तहान नहरींनी भागणार नाही, हे उघड आहे. पण मलिक अंबरला जे कळलं होतं, ते आजही तितकंच खरं आहे: इथलं पाणी डोंगरात आहे आणि ते हळूहळू उतरतं.

मराठवाड्यात पाण्याची चर्चा पावसाने सुरू होते आणि धरणाच्या पातळीने संपते. मध्ये जो डोंगर आहे त्याचं नाव कुणी घेत नाही. काळ्या दगडाच्या या देशात पाणी साठवायला वरचे काही मीटरच आहेत, आणि ते भरायचे तर पाऊस माथ्यावर अडला पाहिजे, उतारावर मुरला पाहिजे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने हे करून दाखवलं. तिथे 1990 च्या दशकात माथा ते पायथा पाणलोटाचं काम झालं, डोंगरउतारावर चर पडले, बांध पडले, पुढे शेततळी झाली, आणि कमी पावसाच्या त्या गावात आज द्राक्षांच्या बागा आहेत. तोच पाऊस, तोच दगड. गावाने दगड ओळखला एवढाच फरक.

वेरूळ-अजिंठ्याला जाल तेव्हा लेण्यांबरोबर डोंगरही पाहा. कन्नडच्या घाटमाथ्यावर सुरक्षित जागा बघून थांबा आणि दोन्हीकडचा उतार नजरेत भरून घ्या, मुलांना दाखवा. आणि ज्यांची शेतं या डोंगराखाली आहेत त्यांना एवढंच सांगणं: सहाशे फुटांच्या बोअरला पैसे घालण्याआधी तेच पैसे आपल्या शिवारातल्या माथ्यावर चर खणायला घाला. पाणी तिथून सुरू होतं.